पेशीचा बटवा

"काका, आजोबांच्या मेंदूतलं डोपामिन कमी झालं असावं, असं तुम्ही म्हणताय. पण ते मोजलंत कुठं?"

प्रश्न विचारणारी मुलगी पुण्याला रसायनशास्त्रात एम.एस्सी. करीत होती. दिवाळीच्या सुटीत घरी आली होती आणि आजोबांना घेऊन माझ्या दवाखान्यात बसली होती. आजोबा म्हणजे आमच्या गावातील निवृत्त प्राथमिक शिक्षक. वय ७६. गावातील निम्म्या लोकांनी त्यांच्या हाताखाली बाराखडी गिरवली आहे. माझा कंपाउंडर त्यांचाच विद्यार्थी. सारा गाव त्यांना गुरुजी म्हणतो, मीही म्हणतो.

मागील वर्षभरात गुरुजी मंदावले होते. चालताना पाय घासत. सदऱ्याची बटणे लावण्यास वेळ लागे. चेहऱ्यावरचे हसू हरपले होते. फळ्यावरच्या ज्या टपोऱ्या अक्षरासाठी ते तालुक्यात ओळखले जात, ते अक्षर आता मुंगीएवढे झाले होते. त्यांच्या पत्नीने, काकूंनी, सहा महिन्यांपूर्वी माझ्याकडे हा विषय काढला होता. मी रक्तदाब मोजता मोजता "वय झालं, काकू. आता थोडं व्हायचंच," असे म्हणून तो संपवला. हे वाक्य उच्चारायला डॉक्टरला काहीच पडत नाही. त्याची किंमत दुसरेच कोणी मोजते.

दिवाळीत मात्र दोन्ही हातांचा ताठरपणा आणि उजव्या हाताचा कंप माझ्या नजरेतून सुटला नाही. मी पार्किन्सनच्या आजाराची शंका बोलून दाखवली आणि लेव्होडोपाची गोळी सुरू करू, असे म्हणालो. तेवढ्यात नातीने वरचा प्रश्न विचारला.

मी तिला नेहमीचे उत्तर दिले. रक्तातून किंवा लघवीतून डोपामिन मोजता येते, पण त्यावरून मेंदूतील डोपामिनचा अंदाज येत नाही. त्या तपासण्या प्रामुख्याने मूत्रपिंडावरील ग्रंथींच्या एका दुर्मिळ गाठीसाठी करतात. "आणि मेंदूत सुई घालून कोण बघणार, बाळ?" असेही वर म्हणालो.

"घालतात, काका," ती शांतपणे म्हणाली. "मेंदूतच काय, एकेका जिवंत पेशीत घालतात. आम्हाला इलेक्ट्रोकेमिस्ट्रीत शिकवलंय. मी तुम्हाला वाचायला पाठवते."

तिने पाठवलेले मी त्या रात्री वाचत बसलो. एम.बी.बी.एस. होऊन मला आता तीस वर्षे होत आली. गावच्या दवाखान्यात सर्दी-ताप, साखर, रक्तदाब आणि गुडघे पाहता पाहता असे वाचन सुटून जाते. त्या रात्रीच्या वाचनात मला त्या सुईची ओळख झाली आणि माझीच एक चूक सापडली. चूक सांगण्यापूर्वी ती सुई समजून घ्यावी लागेल. वाचकांनी बिचकू नये. तिचे एक थोरले भावंड आपल्यापैकी अनेकांच्या घरात, टीव्हीशेजारच्या कपाटात ठेवलेले असते.

ते भावंड म्हणजे घरी साखर तपासण्याचा ग्लुकोमीटर. पट्टीवर रक्ताचा थेंब ठेवला की पाच-दहा सेकंदांत आकडा उमटतो. हा आकडा येतो कुठून? पट्टीवरील एन्झाइम रक्तातल्या साखरेतून इलेक्ट्रॉन काढून घेते, ते इलेक्ट्रॉन पट्टीतील बारीक विद्युतपट्ट्यांवर जातात आणि अत्यंत क्षीण वीज वाहते. साखर जास्त तर वीज जास्त. यंत्र मोजते ती वीज. आपल्याला दाखवते साखर. या कल्पनेचा पाया अमेरिकेतील लेलंड क्लार्क यांनी १९६२ साली घातला.

डोपामिनच्या बाबतीत तर एन्झाइमचीही गरज लागत नाही. स्वयंपाकघरातील एक गोष्ट आठवा. वांगे चिरून लगेच पाण्यात टाकले नाही तर फोडी काळ्या पडतात. केळे सोलून ठेवले तर तपकिरी होते. या फळभाज्यांतील काही द्रव्ये हवेतील प्राणवायूला आपले इलेक्ट्रॉन देऊन टाकतात आणि रंग बदलतात. डोपामिन याच रासायनिक कुळातले आहे. किंबहुना केळ्यात खुद्द डोपामिनच असते. (म्हणून केळी खाऊन मेंदूतील डोपामिन वाढवू पाहणाऱ्यांनी थांबावे. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये असलेली चाळण पोटातून आलेल्या डोपामिनला आत सोडत नाही.) अशा या डोपामिनचा कण कार्बनच्या टोकाला भिडला आणि त्या टोकावर एक व्होल्टहूनही कमी, म्हणजे भिंतीवरच्या घड्याळातील सेलपेक्षाही कमी दाब ठेवलेला असला, तर तो कण आपले दोन इलेक्ट्रॉन टोकाला देऊन मोकळा होतो. प्रत्येक कणामागे दोन. किती इलेक्ट्रॉन आले ते मोजले, दोनाने भागले, की किती कण आले ते समजले. हिशेब गुरुजींच्या चौथीच्या वर्गातला आहे. अवघड आहे ते मोजमापाचे साधन.

कारण वाहणारी वीज कल्पनेपलीकडे क्षीण असते. आपल्या घरातील पंखा पाव ते अर्धा अँपियर वीज घेतो. इथे मोजायची वीज पिकोअँपियरमध्ये असते. अँपियरचे दहा लाख भाग करा, त्यातील एका भागाचे पुन्हा दहा लाख भाग करा. त्यातला एक भाग म्हणजे एक पिकोअँपियर. आणि ही वीज येते ती सेकंदाच्या हजाराव्या हिश्शांत मोजावी अशा क्षणभरासाठी. कागदावर ती एखाद्या सुळक्यासारखी उमटते आणि विरते.

आता हे डोपामिन पेशीत असते कसे, ते पाहू. आपल्या आज्या कनवटीला कापडी बटवा बाळगीत. त्यात सुपारी, लवंग, कधी नातवंडासाठी चार आणे. तोंडाशी दोरी; ओढली की बटवा बंद, सैल केली की उघडा. मज्जापेशीतही असेच बटवे असतात, फक्त इतके लहान की साध्या सूक्ष्मदर्शकाखाली धड दिसूही नयेत. त्यात डोपामिनसारखी निरोप्या रसायने साठवलेली असतात. पेशीला निरोप द्यायचा असला की बटवा पेशीच्या भिंतीपाशी येतो, भिंतीला चिकटतो, त्याचे तोंड बाहेर उघडते आणि आतले रसायन शेजारच्या पेशीकडे जाते. आपले चालणे, हसणे, सदऱ्याचे बटण लावणे, सारे या बटव्यांच्या उघडझापीवर चालले आहे.

निरोप असा मुठीमुठीने, सुट्या पुड्यांत जातो, हे १९५० च्या दशकात लंडनमध्ये बर्नार्ड कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. त्याबद्दल कॅट्झ यांना १९७० चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. पण कॅट्झ यांनी निरोप ऐकला तो घेणाऱ्याच्या बाजूने, बेडकाच्या स्नायूवर कान ठेवून. देणाऱ्याने नेमके किती दिले, हे थेट मोजण्यासाठी आणखी काही दशके जावी लागली. १९९० च्या सुमारास अमेरिकेतील मार्क वाइटमन आणि सहकाऱ्यांनी कार्बनच्या तंतूचे टोक गाईच्या ॲड्रिनल ग्रंथीतील एका जिवंत पेशीला अलगद टेकवले. तंतूची जाडी काही मायक्रोमीटर, आपल्या केसाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. पेशीला डिवचताच कागदावर एकामागून एक सुळके उमटू लागले. प्रत्येक सुळका म्हणजे एका बटव्यातून बाहेर पडलेला ऐवज. निरोप देणारी पेशी प्रथमच, एकेक पुडी करून, मोजमापात सापडली.

त्यापुढचे पाऊल माझ्या पेशंटच्या नातीला अधिक आवडले होते. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे अँड्र्यू यूइंग यांच्या प्रयोगशाळेने कार्बनचे टोक आणखी निमुळते केले, मिलिमीटरच्या दहा हजाराव्या हिश्शाइतके, आणि २०१५ साली ते थेट जिवंत पेशीच्या आत सरकवले. टोक इतके बारीक की पेशी मरत नाही. आतले बटवे येऊन टोकाला धडकतात, फुटतात आणि आपला सारा ऐवज टोकावर रिता करतात. म्हणजे बटव्यात एकूण किती होते, हे आतून समजते; आणि पेशीने बाहेर किती टाकले, हे बाहेर टेकवलेल्या टोकाने समजते. या पेशी उंदराच्या ॲड्रिनल गाठीपासून वाढवलेल्या. त्यांच्या एकेका बटव्यात डोपामिनचे कण लाखाच्या घरात.

दोन्ही आकडे शेजारी ठेवले तेव्हा एक गंमत दिसली. बाहेर पडलेला ऐवज आत असलेल्या ऐवजापेक्षा बराच कमी होता. बटवा दरवेळी पुरता रिकामा होत नाही. आजी जशी दोरी थोडी सैल करून चार लवंगा काढते आणि पुन्हा आवळते, तसा पेशीचा बटवाही थोडा उघडतो, काही देतो आणि मिटतो. किती द्यायचे यावर पेशीचा काही ताबा आहे, असा याचा अर्थ. आम्ही विद्यार्थी असताना बटवा उघडला की सारे सांडते असेच चित्र वहीत काढत होतो.

इथवर मी कुतूहलाने वाचत होतो. पुढे एक औषध आले आणि मी खुर्चीत सावरून बसलो. ते औषध रेसर्पिन. त्याची मुळे आपल्याकडची आहेत, शब्दशः मुळे: सर्पगंधा. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा रक्तदाबावरील उपयोग १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला आणि साऱ्या जगाचे लक्ष या मुळीकडे गेले. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळे काढले गेले. पुढे स्वीडनचे अर्विद कार्लसन यांनी १९५७ साली सशांना रेसर्पिन दिले. ससे जागच्या जागी थिजले. कान पडले, हालचाल थांबली. मग त्यांना डोपा टोचल्यावर थोड्याच वेळात ते पुन्हा हिंडू-फिरू लागले. डोपामिन आणि हालचाल यांचा संबंध या प्रयोगातून पुढे आला. १९६० मध्ये व्हिएन्नाच्या ओलेह हॉर्निकिएविच आणि सहकाऱ्यांनी पार्किन्सनने मरण पावलेल्यांच्या मेंदूत डोपामिन फार कमी असल्याचे दाखवले, आणि लेव्होडोपाचा मार्ग मोकळा झाला. कार्लसन यांना २००० मध्ये नोबेल विभागून मिळाले.

त्याच २००० साली यूइंग यांच्या गटाने, ते अमेरिकेत असताना, सुळके मोजून आणि बटवे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून दाखवले की रेसर्पिनने बटवे आक्रसतात आणि प्रत्येक सुळका लहान होतो. लेव्होडोपाने बटवे फुगतात आणि सुळका मोठा होतो. जी गोळी मी गेली अनेक वर्षे लिहून देत आलो, ती कुठे जाऊन काय करते, हे मला त्या रात्री प्रथमच डोळ्यांसमोर दिसले.

मी वहीचे एक पान घेतले आणि माझ्या समजुतीसाठी तीन ओळी लिहिल्या. डोपामिनचा निरोप तीन ठिकाणी अडू शकतो. एक, देणाऱ्या पेशीच कमी होतात; हा पार्किन्सन. दोन, पेशी आहेत पण बटव्यात काही राहत नाही, हे रेसर्पिन. तीन, पेशीही आहेत, बटवेही भरलेले आहेत, निरोप वेळेवर निघतोही. पण घेणाऱ्याच्या दारात कोणी आडवे बसले आहे. पहिल्या दोन प्रकारांत टोकावरचा सुळका बदलेल. तिसऱ्यात सुळका निघत राहील आणि तरीही माणूस थिजेल.

तिन्ही माणसे माझ्या दवाखान्यात चालत आली तर मला सारखीच दिसतील. तेच घासणारे पाय, तोच निश्चल चेहरा.

तिसऱ्या ओळीपाशी माझे पेन थांबले. दारात आडवे कोण बसते? काही औषधे बसतात. मळमळीवरील मेटोक्लोप्रामाइड आणि प्रोक्लोरपेराझिन, चक्करेवर सर्रास दिल्या जाणाऱ्या सिनारिझिन आणि फ्लुनारिझिन, मनोविकारांवरील काही गोळ्या, आणि पोट फुगण्यावरील लेव्होसल्पिराइड. पोटात हीच अडवणूक उपयोगी पडते. जठराची हालचाल वाढते, फुगारा कमी होतो. पण हे औषध मेंदूतही पोचते, आणि साठी-सत्तरीच्या पुढे मेंदूला ही अडवणूक सहन होत नाही.

गुरुजींना मागच्या वर्षी श्रावणात पोट फुगण्याचा त्रास झाला होता. मी आम्ल कमी करणारी आणि लेव्होसल्पिराइड असलेली एकत्रित कॅप्सूल लिहून दिली होती. पंधरा दिवसांसाठी; निदान माझ्या मनात पंधरा दिवसांसाठी.

सकाळी दवाखाना उघडण्यापूर्वी मी काकूंना फोन केला. "काकू, घरात गुरुजींच्या म्हणून जेवढ्या गोळ्या असतील, तेवढ्या पिशवीत घालून घेऊन या. संपलेली पाकिटंसुद्धा."

काकू आल्या. पिशवी टेबलावर उपडी केली. रक्तदाबाची गोळी, कॅल्शियम, डोळ्यांचे थेंब, आणि त्याच कॅप्सूलच्या नऊ रिकाम्या पट्ट्या. "ही बरी लागू पडली होती हो, डॉक्टर. बंद केली की पोट पुन्हा फुगायचं. म्हणून दुकानातून आणत गेलो. तुमचीच चिठ्ठी होती ना." चिठ्ठी माझीच होती. तिच्यावर किती दिवस घ्यायची हे लिहिलेच नव्हते. त्यानंतरच्या चौदा-पंधरा महिन्यांत गुरुजी रक्तदाबासाठी माझ्याकडे चार वेळा आले होते आणि चारही वेळा मी नव्या गोळ्या लिहिल्या. आधीपासून काय चालू आहे हे एकदाही विचारले नाही.

मी कॅप्सूल थांबवली, लेव्होडोपाचा विचार बाजूला ठेवला आणि जिल्ह्याच्या ठिकाणच्या मेंदूविकारतज्ज्ञांशी बोललो. त्यांनी गुरुजींना तपासले आणि वाट पाहायला सांगितले. अशा औषधजन्य मंदपणात सुधारणा बहुधा होते, पण तिला आठवडे, कधी काही महिने लागतात.

मग मी गुरुजींच्या घरी गेलो. चहा झाल्यावर सांगितले, "गुरुजी, हे दुखणं तुमच्या वयानं आणलेलं नाही. माझ्या चिठ्ठीनं आणलंय. चूक माझी आहे." काकू गप्प झाल्या. त्यांच्या डोळ्यांत राग होता, आणि तो रास्त होता. वर्षभर त्यांनी या माणसाची बटणे लावली होती, रात्री कूस वळवून दिली होती. गुरुजी बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांना शब्द जुळवायलाही वेळ लागे. मग हळू आवाजात म्हणाले, "पोराच्या वहीत चूक सापडली की मी तिच्याभोवती लाल शाईनं गोल करायचो. खोडायचो नाही. दिसत राहिली पाहिजे." मी हा लेख लिहितो आहे तो त्या लाल गोलासारखा.

पहिला दीड महिना काहीच बदलले नाही आणि माझी झोप उडाली. मग पाय थोडे उचलू लागले. मकरसंक्रांतीला त्यांनी तिळगूळ देताना ओळखीचे हसू हसून दाखवले. चौथ्या महिन्याच्या अखेरीस बटणे स्वतः लावू लागले. उजव्या हाताचा किंचित कंप मात्र अजून आहे. तज्ज्ञांचे म्हणणे असे, की काही जणांत मूळ आजार आधीच दबा धरून असतो आणि असे औषध त्याला उघडे पाडते. म्हणून लक्ष ठेवावे लागेल. आम्ही ठेवतो आहोत.

नातीचा प्रश्न तरीही शिल्लक राहतोच: मग हे आजोबांत मोजत का नाहीत? त्याचे उत्तर असे. माणसाच्या मेंदूत अशी मोजणी झाली आहे. अमेरिकेत पार्किन्सनच्या काही रुग्णांवर मेंदूत विद्युततार बसवण्याची शस्त्रक्रिया चालू असताना, त्यांच्या संमतीने, कार्बनच्या टोकाने डोपामिनचे क्षणाक्षणाचे चढउतार टिपले गेले. २०१६ साली ते प्रसिद्ध झाले. पण ती मोजणी कवटी उघडलेली असतानाची आहे, संशोधनासाठी केलेली आहे. दवाखान्यात करण्याची ती तपासणी नव्हे. मोठ्या शहरांत डोपामिनच्या पेशींची टोके कितपत शाबूत आहेत, हे दाखवणारे स्कॅन होतात आणि शंका असेल तेव्हा तज्ज्ञ ते सांगतात. परंतु बटवा उघडतो तो क्षण घरातल्या माणसात पाहण्याचे साधन आज तरी आमच्या हाती नाही.

मग आपल्या हाती काय आहे? मी आता माझ्या रुग्णांच्या घरच्यांना तीन गोष्टी सांगतो.

पहिली, पिशवी. घरातील वडीलधाऱ्या माणसाची हालचाल अलीकडे मंदावली, चेहरा निर्विकार झाला, हात कापू लागला, तर वयाला दोष देण्यापूर्वी साऱ्या औषधांची पिशवी घेऊन डॉक्टरांकडे जा. ॲलोपॅथी, आयुर्वेद, दुकानातून आणलेली, शेजाऱ्यांनी दिलेली, सगळी. पोट, मळमळ, चक्कर यांवरची गोळी किती महिने चालू आहे, हे मुद्दाम सांगा. मात्र हा लेख वाचून कोणतीही गोळी स्वतः बंद करू नका. मनोविकाराच्या गोळ्या आणि लेव्होडोपा एकाएकी थांबवणे धोक्याचे ठरू शकते. खाजकुइलीच्या बियांत निसर्गतःच लेव्होडोपा असते. तिचे चूर्ण घेत असाल तर तेही सांगा, कारण गोळी आणि चूर्ण मिळून मात्रा किती होते ते कळत नाही.

दुसरी, घड्याळ. ज्यांना खरोखर पार्किन्सन आहे, त्यांच्या मेंदूतील बटवे बाळगणाऱ्या पेशीच वर्षागणिक कमी होत जातात. सुरुवातीला गोळीतून आलेला ऐवज उरलेल्या पेशी साठवतात आणि पुरवून पुरवून वापरतात. पुढे साठवायला बटवेच पुरत नाहीत. म्हणून गोळीचा अंमल लवकर ओसरतो. गोळी अर्ध्या तासाने लांबली तर माणूस खुर्चीतून उठू शकत नाही, तो यामुळे. तो आळस नाही आणि हट्टही नाही. गोळीची वेळ पाळावी; ती साधारणतः जेवणापूर्वी अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभराने द्यावी, कारण डाळी, दूध, अंडी यांतील प्रथिने तिच्या मार्गात गर्दी करतात. रिकाम्या पोटी मळमळत असेल तर डॉक्टरांना विचारून वेळ ठरवावी.

तिसरी, वही. गोळी किती वाजता दिली, हालचाल किती वाजता सुधारली, किती वाजता मंदावली, एवढे आठवडाभर लिहून आणा. ग्लुकोमीटरचा आकडा नसेल त्यात. पण मात्रा ठरवताना मला त्या वहीचा जो उपयोग होतो, तो कोणत्याही रक्ततपासणीचा होत नाही. काकूंनी सहा महिन्यांपूर्वी जे पाहिले होते, ते अचूक होते. त्यांच्या मोजणीत खोट नव्हती. ती ऐकून घेणाऱ्या दारात मी आडवा बसलो होतो.

मे महिन्यात नात पुन्हा सुटीवर आली, तेव्हा गुरुजी तिला घेऊन स्वतः चालत दवाखान्यात आले. हातात शंभर पानी वही होती. पहिल्या पानावर त्यांनी पट्टीने रकाने आखले होते: गोळीचे नाव, कशासाठी, कोणी दिली, केव्हा थांबवायची. अक्षर पूर्वीइतके टपोरे नव्हते, पण माझ्या चष्म्याशिवाय मला वाचता येत होते. शेवटचा रकाना कोरा होता. त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली आणि खिशातले पेन काढून दिले.

मी एकेका गोळीपुढे तो रकाना भरला.